धूर, धूप आणि परफ्यूम एकाच घरातले कसे?

हिवाळा आला की हवेच्या प्रदूषणाच्या बातम्या सुरू होतात आणि त्या बातम्यांत हमखास एक शब्द येतो, धुरके. माझी भाची मोबाईलवर बातमी वाचत होती, मधेच थांबून म्हणाली, "मावशी, यांनी धुके चुकून धुरके छापलंय बघ." चुकून नाही गं, म्हटलं, धूर अधिक धुके म्हणून धुरके. तिने "हे काहीही आहे" असा चेहरा केला. पण मग तिला विचारलं की स्मॉग म्हणजे काय, तर तिला ते पटकन सांगता आलं, आणि स्मॉग तरी काय वेगळा आहे? स्मोक आणि फॉग यांची तोडमोड करून जोडलेलाच शब्द आहे तो. 1905 साली लंडनमधल्या एका डॉक्टरने कोळशाच्या धुराने भरलेल्या धुक्यासाठी तो वापरला आणि तिथून तो रुळला. धुरके हे त्याचंच मराठी रूप, आणि माझ्या मते मूळ शब्दापेक्षा जमलेलं, कारण धुके या शब्दात फक्त एक र घातला की काम झालं, आणि त्या एका र मधे सगळा धूर आला.

पण मग तिने जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. "धूर आणि धूप एकच का गं? एकाने खोकला येतो आणि एकाने छान वाटतं." म्हणून हा सगळा खटाटोप.

## आधी तो र कुठून आला ते बघू

संस्कृतमधे धुराला धूम म्हणतात. हिंदीत त्याचा धुआँ झाला, म्हणजे म विरघळून नुसता नाकातला उच्चार उरला. मग मराठीत र कसा काय आला? तर अभ्यासक मराठी धूर हा शब्द धूम पर्यंत नाही, धूम्र पर्यंत नेतात. धूम्र हे मुळात रंगाचं नाव, धुरासारखा करडा तो धूम्र. म्हणजे आपण आज ज्याला धूर म्हणतो तो शब्दशः बघायला गेलं तर "करडं-करडं काहीतरी" असा आहे, वस्तूचं नाव मागे पडलं आणि रंगाचं नाव वस्तूला चिकटलं.

या घरातली बाकीची मंडळी तुम्हाला ओळखीची आहेत. धुरी, धुराडं, धुरकट, धुमसणं, धुपाटणं. धूमकेतू पण यातलाच, धूम म्हणजे धूर आणि केतू म्हणजे ध्वज, धुराचा झेंडा घेऊन फिरणारा. गंमत म्हणजे ऋग्वेदात धूमकेतू हे विशेषण आकाशातल्या शेपटीवाल्या ताऱ्याला नाही, अग्नीला लावलंय, आणि ते जास्त बरोबर पण वाटतं, कारण आग लांबून दिसायच्या आधी तिचा झेंडाच दिसतो. (कॉमेट हा शब्द ग्रीकमधून आलाय आणि त्याचा अर्थ लांब केसांचा. एकाच गोष्टीत कुणाला धूर दिसला, कुणाला केस.)

आणि धूम्रपान. हा शब्द तंबाखूसाठी बनवला असं वाटतं ना? पण तंबाखू अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे यायला सोळावं शतक उजाडलं. चरकसंहितेत मात्र धूमपानाचं सविस्तर वर्णन आहे, औषधी वनस्पतींची वात करून तिचा धूर नळीतून ओढायचा, आणि तो केव्हा ओढावा, केव्हा ओढू नये हे सगळं त्यात दिलंय. म्हणजे शब्द कित्येक शतकं आधीपासून तयार होता, तंबाखू नंतर येऊन त्यात राहायला लागली आणि आता मूळ मालक कुणाच्या लक्षातही नाही. (काटेकोर लोक अजून सांगतात की बरोबर शब्द धूमपान आहे, धूम्रपान नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे, पण आता ते कोण ऐकतंय.)

## मग यात सुगंध कुठे आला?

एक मेणबत्ती लावा आणि फुंकून विझवा. वातीतून एक बारीक पांढरी रेघ वर जाते, वळते, तुटते, आणि मग दोन-तीन सेकंदांनी वास नाकाशी येतो. रेघ दिसते आधी, वास येतो नंतर. उदबत्तीचंही तेच, नुसती हातात धरली तर जवळ नेऊन हुंगावी लागते पण पेटवली की पलीकडच्या खोलीतल्या माणसाला कळतं. सुगंधी राळ किंवा लाकूड नुसतं ठेवलं तर त्याचा वास फार लांब जात नाही, उष्णतेने त्यातले उडून जाणारे कण सुटतात आणि गरम हवेबरोबर पसरतात. बाटलीतला स्प्रे नव्हता तेव्हा अख्ख्या जागेत सुगंध पोचवायचा सगळ्यात सोपा उपाय हाच होता, जाळा. धूर ही सुगंधाची गाडी होती म्हणा ना.

म्हणून संस्कृतमधे धूप म्हणजे सुगंधी धूर, आणि तो ज्यापासून येतो तो पदार्थ पण धूपच, आणि हा शब्द धूम च्या कुळातलाच मानतात. आता पश्चिमेला चला. लॅटिनमधे धुराला फ्यूमुस म्हणत आणि पेर म्हणजे च्या मधून. पेर फ्यूमुम, धुरातून. तिथून इटालियन, फ्रेंच असं करत परफ्यूम. म्हणजे आज ज्या बाटलीवर परफ्यूम लिहिलेलं असतं तिच्यात धुराचा कणही नाही, पण नावात अजून धूर निघतोय. इन्सेन्स हा शब्दही असाच, तो जाळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलाय.

भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. धूर आणि धूप वेगळे झाले ते नंतर, आधी ते एकाच चुलीतून निघत होते.

## फ्यूम आणि धूम यांचा यमक जुळला म्हणून नातं कसं?

हा प्रश्न बरोबर आहे आणि तो विचारायलाच हवा, कारण नुसत्या सारख्या आवाजावरून नाती लावणाऱ्या पोस्टी रोज फिरतात. नातं ठरतं ते एका सारखेपणावरून नाही, तर तोच फरक परत परत दिसतो यावरून.

समजा एका मोठ्या घरातली भावंडं वेगवेगळ्या गावी गेली आणि प्रत्येकाच्या की-बोर्डवरचं एकच बटण बिघडलं. एकाकडे ध दाबलं की फ उमटतो, दुसऱ्याकडे ध दाबलं की थ उमटतो. मग त्यांच्या पत्रांत तो घोटाळा एकदा नाही, दर वेळी दिसणार. संस्कृतमधे शब्दाच्या सुरुवातीला ध असेल तिथे लॅटिनमधे बरेचदा फ दिसतो आणि ग्रीकमधे थ. धूम तर फ्यूमुस, आणि ग्रीकमधे थ्यूमॉस. दुसरं उदाहरण घ्या, ठेवणे या अर्थाचा संस्कृत धातू धा, ज्यावरून निधी, विधान हे शब्द आले. त्याचा लॅटिन भाऊ फ ने सुरू होतो, त्यावरून फॅक्ट आणि फॅक्टरी. ग्रीक भाऊ थ ने, त्यावरून थीम आणि थीसिस. कानाला निधी आणि फॅक्टरी यांत काडीचं साम्य नाही पण नातं पक्कं आहे, कारण बिघडलेलं बटण तेच आहे. अशा एकाच मुळातून फुटलेल्या शब्दांना सगोत्र शब्द म्हणतात.

त्या ग्रीक थ्यूमॉस वर मात्र मी जरा रेंगाळणार आहे. त्याचा अर्थ धूर नाही! ग्रीकांकडे पोचेपर्यंत त्याचा अर्थ झाला होता छातीत उसळणारं ते काहीतरी, म्हणजे जोश, जिद्द, संताप. धुराचा राग कसा झाला हे ग्रीक माणसाला समजावून सांगायला लागेल कदाचित, मराठी माणसाला नाही, कारण आपण रोज म्हणतो की तो आतल्या आत धुमसतोय. धुमसणं म्हणजे ज्वाला न होता नुसता धूर करत जळणं, आणि न बोलता राग धरून बसलेल्या माणसाचं याहून अचूक वर्णन मला तरी माहीत नाही. इंग्रजीतही चिडलेला माणूस फ्यूम होतो. तीन भाषांनी धूर आणि राग यांची सांगड घातली, बहुतेक एकमेकांना न विचारता.

धूर डोक्यात गेला की काय होतं तेही ग्रीकांनी नोंदवून ठेवलंय. त्यांच्याकडे ट्यूफॉस असा एक शब्द होता, धूर किंवा धूसरपणा, आणि त्यावरून तापात येणारी गुंगी, भान हरपणं. टायफस हे नाव तिथून आलं आणि टायफससारखा तो टायफॉइड.

## म्हणजे हे सगळं संस्कृतमधूनच तिकडे गेलं, बरोबर?

नाही. आणि ही गोष्ट इतक्या वेळा चुकीची सांगितली जाते की थोडं खडसावून सांगते. फ्यूमुस हा धूम चा मुलगा नाही, भाऊ आहे. दोघांची आई त्यांच्याही आधीची एक भाषा, जिचं लिहिलेलं एक अक्षरही उरलेलं नाही, मुलांच्या चेहऱ्यावरून तिचा चेहरा कसा असेल याचा अंदाज बांधलेला आहे.

पण काही सुगंधी शब्द मात्र खरंच प्रवासाला निघाले, कारण माल प्रवासाला निघाला आणि नाव मालाबरोबर गेलं. यांना सगोत्र नाही, उसने शब्द म्हणायचं. कस्तुरीला इंग्रजीत मस्क म्हणतात, तो शब्द लॅटिन, ग्रीक, फारसी असा मागे मागे जात बहुतेक अभ्यासकांच्या मते संस्कृत मुष्क पाशी पोचतो. मुष्क म्हणजे अंडकोष, कस्तुरीमृगाची ती ग्रंथी तशी दिसते म्हणून. आणि मुष्क म्हणजे मुळात छोटा मूष, छोटा उंदीर. तर महागड्या बाटलीवरच्या त्या मस्क शब्दाच्या तळाशी एक उंदीर बसलाय.

उलटी वाहतूकही आहे. कापूर आपला वाटतो की नाही? मराठीत तो संस्कृत कर्पूर वरून आला, कर्पूर, कप्पूर, कापूर, अगदी कर्ण-कान आणि सर्प-साप यांच्यासारखाच. पण कर्पूर संस्कृतमधे आला तो आग्नेय आशियातून, जिथे सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलात कापराची झाडं आहेत. मलय भाषेत कापुर म्हणजे चुना, आणि पांढऱ्या खड्यांच्या या पदार्थाला तेच नाव. पुढे अरबीत काफूर आणि तिथून युरोपात कॅम्फर. म्हणजे या मालगाडीत आपण मधलं स्टेशन होतो.

उदबत्तीतला ऊद अरबी आहे, मूळ अर्थ नुसतं लाकूड. त्याच शब्दावरून अरबांच्या एका तंतुवाद्यालाही ऊद म्हणतात, आणि अल-ऊद चा अपभ्रंश होऊन युरोपातलं ल्यूट हे वाद्य झालं. बत्ती मात्र आपलीच, वर्ती म्हणजे वात.

## लोबानाची गोष्ट जरा सविस्तर

ही माझी सगळ्यात आवडती आहे म्हणून जागा जास्त खाणार.

अरबीत लुबान म्हणजे झाडातून पाझरणारी सुगंधी राळ. झाडाला चीर दिली की दुधासारखा पांढरट चीक येतो आणि तो वाळून खडे होतात. या शब्दाचं मूळ पांढरेपणाशी जोडलेलं आहे, दुधाचा अरबी शब्द लबन त्याच मुळातला. आपला लोबान म्हणजे हाच लुबान.

आता अरब व्यापाऱ्यांना पूर्वेकडे सुमात्रात दुसऱ्याच झाडाची अशीच राळ मिळाली. त्या भागाला ते जावा म्हणत, म्हणून हिचं नाव पडलं लुबान जावी, जावाचा लोबान. हा माल दक्षिण युरोपात पोचला आणि तिथल्या लोकांच्या भाषांत "लो" हा नामाआधी लावायचा छोटा शब्द आहे, इंग्रजी "द" सारखा. त्यांना वाटलं लुबान जावी मधला लु म्हणजे आपला तो लो, मग टाका काढून! जसं कुणी श्रीधर हे नाव ऐकून श्री आदरार्थी समजलं आणि यादीत नुसतं धर लिहिलं. उरलं बानजावी, त्याचं झालं बेंजोइन, मग बेंझॉइन. या राळेतून एक आम्ल मिळालं, त्याला म्हटलं बेंझॉइक आम्ल. 1833 च्या सुमाराला मिट्शरलिश नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते चुन्याबरोबर तापवलं आणि जे द्रव मिळालं त्याला बेंझीन असं नाव दिलं. (फॅराडेने तेच द्रव 1825 मधे दिव्याच्या गॅसच्या अवशेषातून मिळवलं होतं, पण त्याने ठेवलेलं नाव टिकलं नाही.)

आज बेंझीन म्हणजे रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं ते कार्बनच्या अणूंचं षट्कोनी कडं, ते पेट्रोलमधे असतं आणि ते कॅन्सरला कारणीभूत ठरतं म्हणून हवेत किती आहे ते मोजलं जातं. धुरक्याच्या बातमीतल्या घातक पदार्थांच्या यादीत बेंझीन दिसलं तर समजा की ते नाव धूपदाणीतून निघून तिथवर पोचलंय.

## सारखे दिसतात पण नातं नाही असे कोण?

पटकन सांगते. धुरा सांभाळणे, धुरंधर, धुरीण यांतली धुरा म्हणजे गाडीचं जू, धुराशी संबंध शून्य. जमिनीची धूप होते ती माती पाण्याने धुपून जाते म्हणून, तिथे कुणी काही जाळत नाही. घराचा वासा नाकाशी संबंधित नाही, तो वंश म्हणजे बांबू या शब्दावरून आलाय. आणि हिंदीत धूप म्हणजे ऊन, त्यामुळे हिंदी जाहिरातीचं मराठी करताना काय काय होऊ शकतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

## घाण हा शब्द एकेकाळी स्वच्छ होता

घ्राणेंद्रिय म्हणजे नाक. संस्कृत घ्राण म्हणजे वास घेणं, नाक, त्यात चांगलंवाईट काही नाही. प्राकृतात र गळून घाण झालं. मराठीत येईपर्यंत फक्त वाईट वास, मग वाईट वास ज्याला येतो ती वस्तू, मग कुठलीही अस्वच्छता, मग वासाचा प्रश्नच नाही अशा गोष्टी, घाण अक्षर, घाण सवय. आणि हल्लीची मुलं "घाण हसलो" म्हणतात तिथे तर घाण म्हणजे नुसतं "खूप" झालंय, म्हणजे हजारो वर्षं घसरत आलेला शब्द तळाला टेकून आता चेंडूसारखा वर येतोय की काय!

चांगल्या किंवा साध्या अर्थाचा शब्द असा वाईटाकडे घसरतो त्याला अर्थापकर्ष म्हणतात, आणि वासाच्या शब्दांना हा रोग फार. इंग्रजीतला स्टिंक जुन्या काळी फुलालाही चालायचा. आपला वास बघा, "कसला तरी वास येतोय" म्हटलं की कुणी फुलं शोधत नाही, सगळे आपापल्या चपला बघतात. चांगलं म्हणायचं तर सु लावून सुवास म्हणावं लागतं. मला याचं कारण साधं वाटतं, नाक हा अलार्म आहे, सगळं ठीक असेल तेव्हा आपण वासाबद्दल बोलतच नाही, बोलतो तेव्हा काहीतरी जळलेलं, कुजलेलं, गळत असलेलं असतं, आणि शब्द त्या संगतीत बिघडतो. गंध मात्र वाचला, कदाचित रोजच्या बोलण्यात फार आला नाही म्हणून. "त्याला गणिताचा गंध नाही" म्हणतो तिथे तर गंध म्हणजे अगदी थोडासा अंश, पण निदान वाईट तरी नाही.

## पण सुगंध काय फक्त धुरातूनच यायचा?

नाही ना, तेलात फुलं मुरवून, चंदन उगाळून पण यायचा, आणि त्याचे शब्द वेगळे आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं नाहीतर मी सगळं धुरावर ढकलतेय असं वाटेल. परिमळ हा आपण कुठल्याही सुगंधाला म्हणतो, पण अमरकोशात परिमल ची व्याख्या आहे विमर्दोत्थ, म्हणजे चोळल्याने, घासल्याने उठणारा मनोहर गंध. लांबवर पसरतो तो आमोद. कच्च्या मांसासारखा वास तो विस्र. इतकी बारीक छाननी होती. तिळांत फुलं ठेवली की तिळांना फुलांचा वास लागतो, फुलं काढून घेतली तरी तो राहतो, आणि हाच दाखला बौद्ध तत्त्वज्ञांनी वासना या शब्दासाठी दिला. अनुभव निघून जातो, मनाला त्याचा वास लागून राहतो, ती वासना. आज तो शब्द कुठे येऊन पडलाय ते बघा, परत घसरणच.

## वासांना स्वतःची नावं का नसतात?

रंगांना असतात. लाल म्हणायला आपल्याला कुठल्या वस्तूचं नाव घ्यावं लागत नाही. वासाला मात्र गुलाबाचा, रॉकेलचा, ओल्या मातीचा असं मालकाचं नाव लावावं लागतं. म्हणून बरेच दिवस असं मानलं जायचं की माणसाचं नाकच भाषेच्या बाबतीत अडाणी आहे.

मराठी माणसाने हे ऐकून आधीच भुवया उंचावल्या असतील, कारण आपल्याकडे कुबट आहे, खवट, करपट, वशट, उग्र, खमंग आहे. कुबट हा कुठल्या एका वस्तूचा वास नाही, बंद कपाट, न वाळलेले कपडे, जुनी गादी, सगळ्यांत तो असू शकतो. घमघमाट तर त्याहून भारी, वासाला आवाज नसतो तरी आपण त्याचा आवाज करून ठेवलाय. तरीही ही यादी रंगांइतकी लांब नाही आणि ओळखीचा वास नुसत्या नाकाने ओळखून नाव सांगा म्हटलं की आपण अडखळतोच.

2014 मधे असिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट या दोन संशोधकांनी मलय द्वीपकल्पातल्या जहाई लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे जंगलात शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगत आलेले लोक, त्यांच्या भाषेत वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत, आणि वास देऊन नाव विचारलं तर ते रंगाइतक्याच सहज सांगतात, तर तिथेच इंग्रजी बोलणारे लोक रंगाला चटकन आणि वासाला "ते हे असतं ना, काय बरं" करत लांबलचक उत्तरं देतात.

त्यांचा एक शब्द आहे, आपल्या लिपीत साधारण च्ङेस असा लिहावा लागेल, म्हणायला जमत नाही, मी आणि भाचीने दोघींनी करून पाहिलं. त्यात वटवाघळांच्या विष्ठेचा वास येतो, धुराचा येतो आणि पेट्रोलचाही येतो. लोबानाचं बेंझीन ज्यात असतं ते पेट्रोल आणि धूर, जहाई नाकाने एकाच खणात ठेवलेत.

"मग आपण त्यालाच धुरके म्हणूया की," भाची म्हणाली.